साध्या पाण्याचं किराईत

देवरूखजवळ, आपलं घर,
मागीलदारी उन्हात बसून.
पौष महिना.

तीर्थस्वरूप तुळसाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून पत्राला सुरुवात करते. (पाय सध्या नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर आहेत आणि तिथली लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे असं तुझा रितेशदादा सांगत होता, तेव्हा नमस्कार जिना चढून येईल, जरा दम खाऊ दे त्याला.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तुझी खुशाली फोनवरून कळते तेवढी कळते. गुडघे कसे आहेत? तिकडचं पाणी मानवलं का? तुझी नात सानवी शाळेत जाताना अजून रडते, की आता तिच्यामुळे तिच्या बाई रडतात? आई बरी आहे. तिचा सध्या एकच विषय आहे, तो म्हणजे बाबांच्या सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागतात. अंगातला सदरा काढून खुंटीला लावला की दुपारपर्यंत खिशाभोवती काळी रांग. तिला वाटलं, बाबांना साखर झाली आणि ती आता घामावाटे बाहेर पडायला लागली. बाबांना ओढून देवरूखला नेलं, रक्त तपासलं. साखर अगदी ठीक निघाली. त्यामुळे तिची काळजी दुप्पट झाली, कारण आता मुंग्यांना काही कारणच उरलं नाही. या मुंग्या लक्षात ठेव, पुढे लागतील.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. आत्या, तुझ्याशी फोनवर कुणाला बोलता आलंय? तू फोन कानापासून हातभर लांब धरून ओरडतेस, आम्ही दोन वाक्यं बोललो की 'बरं बरं, ठेव' म्हणतेस आणि तिसऱ्या वाक्याला फोन सानवीच्या हातात देतेस. सानवी मला मांजराचा आवाज काढून दाखवते. तो ती छान काढते, पण मी फोन मांजरासाठी केलेला नसतो. पत्र मात्र तू चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचतेस. मध्येच मला 'जेवलीस का' विचारून विषय बदलण्याची सोय त्यात नाही, म्हणून पत्र.

आणखी एक. परवा तू आईला म्हणालीस की माझी खाट आणि न्हाणीतला तांब्याचा बंब गंगूबाईला देऊन टाका, माझं आता तिकडे काय काम, उगाच अडगळ कशाला. आईने ते जेवताना सांगितलं. बाबा ताक न घेताच उठले. त्या विषयावर मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र संपूर्णपणे शास्त्रीय आहे. माझ्या प्रयोगाचं वाटोळं झालं, ते कसं झालं आणि त्यात तुझा हात किती होता, एवढंच मला सांगायचं आहे.

तू मागे विचारलं होतंस की मी रत्नागिरीच्या कॉलेजात एवढी वर्षं नक्की करते काय. तेव्हा मी 'जनुकांचं असतं ते' म्हणून सुटका करून घेतली होती. आता नीट सांगते. झाडाच्या एकेका पेशीत हजारो जनुकं असतात. पान कसं करायचं, रंग कसा करायचा, कडूपणा कसा करायचा, ही सगळी कामं त्यांच्याकडे वाटून दिलेली. पण त्यातली बरीचशी बहुतेक वेळ झोपलेली असतात, आपल्या घरातल्या माणसांसारखी. त्यांना उठवणारी मंडळी वेगळी. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. हे स्वतः रंग करत नाहीत की कडूपणा करत नाहीत. ते फक्त नेमक्या जनुकाच्या दाराशी जाऊन उभे राहतात आणि 'ऊठ' म्हणतात. (आता तू मनात म्हणशील, मग काय मोठं करतात? आत्या, हे तू म्हणावंस?) या उठवणाऱ्यांची घराणी असतात. मी ज्या घराण्याच्या मागे लागले आहे त्याचं नाव वर्की, केरळात माणसांचं असतं तसंच. (बाबांनी बरेच महिने गावात सांगितलं की तेजस्वी केरळातल्या कुठल्याशा कुटुंबाचा तपास करते आहे, आणि लोकांनी ते मानलंही.)

एका घराण्यातले सगळे ओळखायचे कसे, तर त्यांच्या अंगावर एक खूण असते. आपल्या घरात जशी वाकडी करंगळी. तुझी, बाबांची, माझी, रितेशदादाची आणि आता सानवीची. तशीच खूण वर्कींच्या अंगावर असते. मी झाडाची सगळी जनुकं संगणकात घेऊन बसले आणि त्यांच्यातल्या वाकड्या करंगळ्या शोधत सुटले. काहींची करंगळी अर्धीच निघाली, त्यांना वगळलं. काही जण दोन-दोन नावांनी येऊन बसले होते, लग्नाच्या आमंत्रणांत एकाच घरी दोन पत्रिका जातात तसे, त्यांना एक केलं. उरलेल्यांची वंशावळ काढली, तंबाखूतले आणि भातातले त्यांचे भाऊबंद शोधून काढले. हे सगळं करताना माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. आणि एवढं करून फक्त घराण्यात कोण कोण आहे ते कळलं. त्यातला कडूपणाला हाक मारणारा कोणता, हा खरा प्रश्न तसाच राहिला.

झाड कोणतं, ते मी मुद्दाम अजून सांगितलं नाही. आत्या, ते किराईत आहे, तापावरचं तेच कडू किराईत. तुझं नाव तुळसा, पण मला आठवतं तेव्हापासून तुझ्या हातात कायम किराईत. पाऊस ओसरला की तू ते मुळासकट उपटून माळ्यावर जुड्या टांगायचीस. रात्री पाण्यात काड्या भिजत घालायच्या आणि पहाटे मागीलदारातून हाक यायची, 'उठताव का मी येव तिकडं?' तू 'येव' म्हणालीस की आम्ही उठलेलेच असायचो. उपाशीपोटी एकेक वाटी, तुझ्यासमोर उभं राहून प्यायची, आणि मग तुझ्या हातचा गुळाचा खडा. बाबा एवढे मोठे, पंचायतीत चार माणसांना गप्प करणारे, पण वाटी घेताना रितेशदादाच्या मागे नंबर लावायचे. घोट तोंडात धरून 'म्हशीला बघून येतो' अशी खूण करायचे आणि थेट जास्वंदीच्या मुळाशी जाऊन मोकळे व्हायचे. रोज. तुला ते दिसायचं, मला ते दिसायचं, आणि तरी परत आल्यावर त्यांच्या हातावर तू गूळ ठेवायचीस. मी अभ्यासाला हे झाड का निवडलं, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी औषधी महत्त्व वगैरे सांगितलं होतं.

आता प्रयोग. कडूपणाचा हाकाऱ्या शोधायचा तर झाडाला घाबरवावं लागतं. किडा चावला की झाड स्वतःच्या अंगात एक द्रव्य सोडतं आणि त्याबरोबर उठवणारे जागे होतात. ते द्रव्य बाटलीत विकत मिळतं, त्याला जाईसारखा गोड वास येतो. ते काही कुंड्यांवर फवारायचं आणि काही कुंड्यांना नुसतं साधं पाणी द्यायचं. मग दोन्हींची पानं तपासायची. फवारलेल्यांत जे जागे झाले आणि साध्या पाण्यातले झोपलेलेच राहिले, ते आपले संशयित. एवढं सोपं आहे. साध्या पाण्याच्या झाडांना सुखात ठेवायचं, त्यांना कुणी हात लावायचा नाही, हीच त्यातली मुख्य गोष्ट.

कुंड्या आधी कॉलेजच्या शेडनेटमध्ये होत्या. माकडांनी शेडनेट फाडलं आणि आत शिरून सगळी रोपं उपटली. खाल्ली नाहीत, एकेक चावून तोंड वाकडं करून फेकून दिली. माझ्या मार्गदर्शक इशरत मॅडम म्हणाल्या, तुझ्या घरी जागा आहे ना, तिथे नव्याने लाव. (मॅडम खाडीकाठच्या, वडील जहाजावर होते. वारा कुठून येतो हे विचारल्याशिवाय त्या कुंडीसुद्धा ठेवू देत नाहीत.) फवारलेल्या कुंड्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला, गोठ्यापलीकडे, म्हणजे औषधाचा वास इकडे यायला नको. साध्या पाण्याच्या कुंड्या मागीलदारी, तुझ्या पाटा-वरवंट्याच्या कट्ट्यावर. मी आठवडाभर रत्नागिरीला असणार म्हणून दोन पाट्या करून घेतल्या. बाबांचं अक्षर चांगलं, त्यांनीच रंगवल्या. गोठ्याकडे लिहिलं, 'औषध मारलेलं आहे, खाऊ नये.' मागीलदारी लिहिलं, 'फक्त साधं पाणी.' दोन्हींखाली त्यांनी स्वतःहून रेघ मारून फूल काढलं.

पानं तोडायच्या दिवशी मॅडम स्वतः गाडी घेऊन आल्या. पान तोडलं की त्याच क्षणी गोठवावं लागतं, नाहीतर तोडल्याची बातमीही पानात फिरते आणि सगळा घोटाळा होतो. त्यासाठी नायट्रोजनचा मोठा ॲल्युमिनियमचा कॅन लागतो, निमुळत्या गळ्याचा, झाकण काढलं की धूर येणारा. आता असाच कॅन घेऊन आपल्याकडे गायी भरवायला गुरांचे डॉक्टर येतात, ते तुला ठाऊक आहे. गंगूबाईने कुंपणापलीकडून कॅन पाहिला, धूर पाहिला आणि आम्ही पहिलं पान चिमटीत धरतोय तोवर ती गाय सोडून घेऊन दारात. 'बरी आलाव डॉक्टरीनबाय. कालपासून हंबरत्येय. येवढी भरवून द्या.' मी सांगितलं, मावशी, हे पानांसाठी आहे. ती म्हणाली, 'पानांना कशाला गो लागतंय ह्ये?' आणि मॅडमकडे अशा नजरेने पाहिलं की आता तुम्हीच या पोरीला समजवा. मॅडमनी गायीकडे नीट पाहिलं, 'छान आहे गाय' म्हणाल्या आणि पान कॅनमध्ये टाकलं. गाय दुसऱ्या दिवशी खऱ्या डॉक्टरांकडे गेली. पण गावात आता पक्कं झालंय की मी इतकी शिकले आणि अजून झाडांवरच हात बसवते आहे. तू असतीस तर गंगूबाईला कुंपणापाशीच अडवलं असतंस. मी मागे वळून पाहिलंही, सवयीने.

निकाल आला आणि मला वाटलं, मी बाटल्याच उलटसुलट केल्या. फवारलेली झाडं बऱ्यापैकी जागी झाली होती, ते ठीकच. पण साध्या पाण्याची झाडं त्यांच्यापेक्षा जास्त जागी. घरात चोर शिरल्यासारखं सगळं वर्की घराणं दारात उभं. मॅडमनी मला हात धुवायला लावले, पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, 'तेजस्वी, झाडाला खोटं बोलता येत नाही. या झाडांना कुणीतरी रोज दुखवतंय. घरी जाऊन बघ.'

मी शनिवारी घरी आले ती थेट कट्ट्यावर. कुंडीजवळ डोळे नेऊन एकेक देठ पाहिला. नाकतोड्याने खाल्लं तर कडा कुरतडलेली दिसते, इथे तसं नव्हतं. माकडाने झाडच ठेवलं नसतं. गंगूबाईच्या कोंबड्यांना किराईत दाखवलं तर त्या पाठ फिरवतात. शेळी असती तर तिच्यावर ढकललं असतं, पण शेळी तू जायच्या आधीच देवरूखच्या बाजारात विकलीस, कारण तुझ्याशिवाय ती कुणाला दूध काढू देत नव्हती. पानं खुडली होती ती देठाशी, नखाने, स्वच्छ. एका झाडाचं आज, दुसऱ्याचं उद्या, अशी पाळीपाळीने, कुणाला संशय येऊ नये म्हणून. चोर विचार करणारा होता. आईला विचारलं तर तिने माझ्यासमोर हात जोडले, ती किराईताच्या वासानेही दूर होते.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आड बसले. बाबा दात घासून आले. आधी गोठ्याकडे नजर टाकली, मग घराकडे, मग गंगूबाईच्या कुंपणाकडे. मग कट्ट्याशी जाऊन वाकले आणि 'फक्त साधं पाणी' या पाटीकडे एकदा वाचल्यासारखं पाहून पान खुडलं. (पाटी त्यांचीच. गोठ्याकडच्या कुंड्यांवर खाऊ नये असं लिहिलेलं, तेव्हा खायचं तर हेच, हा सरळ हिशेब. माझ्या शहाणपणाने मीच त्यांना बोट धरून नेमक्या कुंडीपाशी नेऊन पोचवलं.) पान तोंडात टाकलं. आत्या, तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. डोळे मिटलेले, मान खांद्यात गेलेली, पण चावतायत. जास्वंदीकडे गेले नाहीत. तिथेच उभं राहून सगळं गिळलं, आणि मग सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि गुळाचा एक खडा स्वतःच्या तळहातावर ठेवला. लगेच खाल्ला नाही. थोडा वेळ हात तसाच धरून उभे राहिले, मग खाल्ला.

म्हणजे मुंग्यांचं कारण कळलं. मी बाहेर आले. ते दचकले आणि पुडी खिशात कोंबत म्हणाले, 'कडू हाय हो, चांगलं कडू हाय. तुजा प्रयोग बराबर चाललाय.' माझा प्रयोग तपासायला ते तिथे आले होते, असं त्यांचं म्हणणं. ते पायरीवर बसले, मीही बसले. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, 'अक्का व्हती तवा नको नको व्हायचं. आता सकाळ झाल्यासारखी वाटतच नाय.' एवढंच. मग म्हशीला बघायला गेले, या वेळी खरोखर.

आत्या, मला ठाऊक आहे तू का गेलीस. सानवीला सांभाळायला गेलीस हे खरं, पण एस.टी. स्टँडवर तुझ्या पिशवीला दोरी बांधताना बाबा जे म्हणाले ते मी ऐकलं होतं. 'जा की, आमचं काय अडतंय.' रितेशदादाला कडेवर घेऊन या घरी आलेली तू, सगळा जन्म या घराचं केलंस, आणि गाडी सुटताना तुला हे ऐकावं लागलं. ते बोलून झाल्यावर बाबा गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे होते, हे तुला दिसलं नाही, कारण तू पुढे बघत बसली होतीस. त्यानंतर सानवी शाळेत जायला लागली की येते म्हणालीस, मग गणपतीला चार दिवस पाहुणीसारखी आलीस, मग शिमग्याला बघू म्हणालीस, आणि आता खाट देऊन टाका म्हणतेस. मी म्हटलं होतं त्या विषयावर लिहिणार नाही, आणि मी लिहीत नाही. मी फक्त प्रयोगाची मागची बाजू सांगते आहे.

काय काय अडतंय ते सांगते. बाबा उशिरा उठतात, म्हणून म्हैस उशिरा दूध देते, म्हणून डेअरीच्या डब्याची वेळ चुकते, म्हणून आई चिडते. विहिरीचा पंप कुणीतरी लावला असेल असं समजून कुणीच लावत नाही. जास्वंदीला यंदा पांढरी कीड लागली. तिला आजवर कधी लागली नव्हती. (तिचा रोजचा घोट बंद झाला, दुसरं कारण मला दिसत नाही.) मागीलदाराची कडी रोज सकाळी कोण काढणार यावर अजून काही ठरलेलं नाही. मी रत्नागिरीच्या खोलीत गजर लावते, तो वाजतो, मी तो बंद करते आणि पडून राहते. गजराला मी घाबरत नाही, तो काही उठून येत नाही ना. कधी कधी वाटतं, एकदा तरी ती हाक यावी आणि मी कपाळावर आठी घालून उठावं. किराईतसुद्धा पिईन, न थुंकता. तुझी फार आठवण येते, आत्या.

तर शास्त्राकडे वळते. मॅडमना मी खरं सांगितलं. त्या हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन आल्या, आणि आल्यावर म्हणाल्या, 'वाया काहीच गेलं नाही. पुढच्या पावसात तीन रांगा करू. एक फवारलेली, एक साध्या पाण्याची आणि तिसरी तुझ्या वडिलांची. रोज ठरल्या वेळी एक पान नखाने खुडायचं. प्रबंधात त्यांचे आभार मानू.' बाबांना हे सांगितल्यावर आधी ते खूश झाले, गावात दोन दिवस आपण कॉलेजच्या कामाला असल्यासारखे वावरले. पण ठरवून, वेळेवर, तिसऱ्याच रांगेतून पान खुडायचं म्हटल्यावर त्यांना ते जमेना. सांगून किराईत खाणारा तो माणूसच नाही. मी सांगितलं तर हसतात, आईने सांगितलं तर म्हशीला बघायला जातात. त्यांना ठरल्या वेळी किराईतापाशी उभं करणारं माणूस या जगात एकच आहे. शिवाय बी. पुढच्या पावसाला पेरायला तुझ्याच घरातलं बी हवं, आणि त्याची पुरचुंडी तू जाताना लुगड्याच्या पदराला बांधून घेऊन गेलीस असं आई म्हणते. तेव्हा पावसाआधी तू त्या बियांसह इथे असणं प्रबंधाच्या दृष्टीने आवश्यक झालं आहे. याला माझा इलाज नाही, हे विज्ञान आहे.

रितेशदादाला आणि वहिनीला सांग. सानवीला मे महिन्यात घेऊन ये, तिला म्हशीचा आवाजही शिकवू. तिच्या वाकड्या करंगळीला एक पापा. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी, सकाळी न उठणारी,
तेजस्वी

ता. क. १. खाट गंगूबाईला दिलेली नाही. ती न्यायला आली होती, सोबत माणूस घेऊन. बाबा भरदुपारी त्या खाटेवर जाऊन झोपले आणि काही केल्या उठेनात. गंगूबाई कुंपणापाशी बराच वेळ थांबली आणि मग गेली. बंब आईने चिंचेने घासून ठेवला आहे.

ता. क. २. वर बियांबद्दल लिहिलं ते तितकंसं खरं नाही. कट्ट्यावरच्या झाडांनी भरपूर बी धरलं आहे, पुढची दहा वर्षं पुरेल. आणि नखाऐवजी कात्रीने पान कापलं तरी चालेल असं मॅडम म्हणाल्या आहेत, कात्री कुणीही चालवू शकतं. म्हणजे प्रबंधाला तू लागत नाहीस. आम्हाला लागतेस. हे आधीच लिहायला हवं होतं, पण तू पत्र इथवर वाचशील याची खात्री करून घ्यायची होती.

ता. क. ३. पाकिटावर पत्ता बरोबर आहे का ते बघतो म्हणून बाबांनी पत्र नेलं आणि सगळं वाचलं. खाली त्यांच्या हातचं आहे:

'अक्कास नमस्कार. पोरीने वाट्टेल ते लिहिले आहे. मी पाने खाल्लेली नाहीत. शेळीने खाल्ली. शेळीला आवरणारे घरात कोणी नाही, त्यास काय करावे ते कळवणे. आत्माराम.'

ता. क. ४. आत्या, शेळी विकायला नेलीस तेव्हा दावं धरून बाजारापर्यंत चालत बाबाच आले होते. त्यांच्याकडून 'ये' हा शब्द याहून सरळ लिहून होणार नाही.